समितीची गाडी गेल्यावर काय उरतं? अभियानाच्या स्पर्धेतून ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः कसं वाढावं

विस्तार अधिकारी असताना, शासनाच्या अभियानांत स्पर्धेला उतरलेल्या ग्रामपंचायती तपासणाऱ्या तालुक्याच्या समितीत मी काही वर्षं फिरलो. पाण्याच्या टाकीखाली उभं राहून माझा एक ठरलेला प्रश्न असायचा, तोही थेट जलसुरक्षकाला, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला : "अण्णा, टाकी किती लिटरची? टीसीएल किती टाकता?" (टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर.) दहातल्या आठ गावांत अण्णांनी तोंड उघडायच्या आत शेजारून भाऊसाहेबांचं, म्हणजे ग्रामसेवकांचं, उत्तर यायचं. उत्तर बरोबर असायचं. अण्णा मान हलवायचे, सरपंच हसायचे, आणि सगळे पुढच्या मुद्द्याकडे वळायचे. गुणपत्रिकेत 'उत्तर कोणी दिलं' असा रकाना नसल्याने मला गुण कापता येत नसत. पण त्या गावात अभियानाने कर्मचारी घडवला नाही, फक्त फाईल घडवली, हे तिथेच कळायचं.

हा लेख त्या अण्णांसाठी आहे. वसुली कारकुनासाठी, ऑनलाइन दाखले देणाऱ्या केंद्रचालक ताईंसाठी, शिपायासाठी आहे, आणि हे सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलेल्या भाऊसाहेबांसाठीही आहे. बक्षीस गावाला मिळतं, फोटो सरपंचांचा छापून येतो. कर्मचाऱ्याच्या हाती उरायचं असेल तर ते आधीपासून ठरवून मिळवावं लागतं. ते कसं, ते पायरी पायरीने सांगतो. कसोटी शेवटपर्यंत एकच ठेवू : ज्याला विचारलं, त्यानेच उत्तर द्यायचं.

कोणतं अभियान, याला फार महत्त्व देऊ नका

आपल्याकडे अशा स्पर्धांची कमी कधीच नव्हती. 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते, आणि खराटा हातात घेतलेला सरकारी माणूस पहिल्यांदा गावाने पाहिला. पुढे यशवंत पंचायत राज अभियान आलं, 2020 मध्ये भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर आधारलेलं माझी वसुंधरा आलं. 17 सप्टेंबर 2025 ला मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात तालुक्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला 15 लाख आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला 5 कोटी रुपये ठेवले. नगरपरिषदेत असाल तर 2025 मधली 100 दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम आठवत असेल. तिचं मूल्यमापन क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने केलं होतं.

नावं बदलतात, पण सगळ्यांच्या पोटात साधारण तेच असतं : दप्तर, वसुली, पाणी, स्वच्छता, सभा, लोकसहभाग, ऑनलाइन सेवा. म्हणजे एका अभियानात शिकलेलं पुढच्या अभियानात कामी येतं. पाच कोटींचा आकडा मात्र पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहू नका. मी लिहिला होता, त्या दिवसापासून बैठकीत चर्चा फक्त त्या पैशांतून काय बांधायचं याची झाली.

पहिली पायरी : शासन निर्णय मोठ्याने वाचा

थट्टा करत नाही. अभियानाचा जीआर आणि सोबतची गुणांकन पत्रिका बहुतेक ठिकाणी एकच माणूस वाचतो, आणि बाकीच्यांना त्याच्याकडून 'सूचना' मिळतात. एक दुपार मोकळी काढा, कार्यालय आतून लावून घ्या आणि पत्रिकेतला प्रत्येक मुद्दा आळीपाळीने मोठ्याने वाचा. शिपाई मामांनाही वाचू द्या. अडखळले तर अडखळू द्या, कुणाला घाई नाही. शासकीय मराठी ऐकून हसू येतं, ते येऊ द्या. 'अभिसरण' म्हणजे काय हे मी एका बैठकीत विचारलं, तर तिघांनी तीन अर्थ सांगितले. त्यातला एक रक्ताभिसरणाशी संबंधित होता. नरेगाचा पैसा, वित्त आयोगाचा पैसा आणि लोकवर्गणी एकाच कामावर एकत्र आणायची, हा अर्थ त्या दिवशी सगळ्यांना कळला, आणि पुढे तो कुणी विसरलं नाही.

वाचताना प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करा. काम झालंय आणि नोंदही आहे : हिरवी. काम झालंय पण नोंद नाही : पिवळी. कामच नाही : लाल. पिवळ्यांची संख्या पाहून तुम्ही चकित व्हाल. गटारं काढलेली असतात, पण मजुरांची हजेरी नसते. महिला सभा झालेली असते, इतिवृत्त नसतं. पिवळ्या मुद्द्यांसाठी कष्ट कमी आणि गुण जास्त, म्हणून सगळे तिथेच धावतात. धावा, पण एक लक्षात ठेवा : पिवळा मुद्दा म्हणजे झालेल्या कामाची नोंद करणं, न झालेल्या कामाची नोंद तयार करणं नव्हे. मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहायला बसलात, की त्या क्षणी तुम्ही स्पर्धेतून बाहेर पडून लेखापरीक्षणाच्या आक्षेपात शिरलात.

स्वमूल्यांकनाचे गुण हात आखडून द्या. शक्य असेल तर शेजारच्या ग्रामपंचायतीशी पत्रिकांची अदलाबदल करा, त्यांनी आपल्याला तपासायचं, आपण त्यांना. आपल्या घरातलं जाळं आपल्याला दिसत नाही, पाहुण्याला दारातूनच दिसतं.

दुसरी पायरी : ज्याला येतं त्याला ते काम देऊ नका

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

कामवाटप करताना हात आपोआप ओळखीच्या वाटेने जातो. संगणक केंद्रचालक ताईंना, वसुली कारकुनाला, टाकी अण्णांना, झाडलोट मामांना, आणि उरलेलं सगळं भाऊसाहेबांना. असं केलं तर अभियान संपल्यावर प्रत्येकजण होता तिथेच असतो, फक्त जास्त दमलेला.

त्याऐवजी जोड्या लावा. प्रत्येक मुद्द्याला दोन माणसं : एकाला ते काम येतं, दुसऱ्याला येत नाही. करायचं दुसऱ्याने, येणाऱ्याने शेजारी बसायचं. की-बोर्डला, पेनाला, टीसीएलच्या डब्याला हात लावायचा नाही, ही अट. तोंडाने सांगायचं फक्त.

आमच्याकडे एका गावात केंद्रचालक म्हणून एक ताई होत्या. दाखले झपाझप काढायच्या, पण नमुना नंबर 8 आणि 9 मधला फरक त्यांना सांगता येत नव्हता. आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही : कुणाचं घर, किती क्षेत्रफळ, किती कर. नऊ म्हणजे त्या वर्षीची मागणी आणि वसुली. रोज आठचा उतारा छापून देणाऱ्या बाईंना आठ कशावर उभा आहे ते माहीत नव्हतं. दोष त्यांचा नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची जोडी वसुली कारकुनाशी लावली. दोन आठवड्यांनी त्यांनीच कारकुनाला दाखवलं की चौदा घरं आठमध्ये आहेत पण नऊमध्ये मागणीच धरलेली नाही. कारकून त्या गावात वीस वर्षं होता.

उलट बाजूही खरी. कारकुनाला त्या काळात ताईंकडून एक्सेलमध्ये बेरीज, क्रमवारी आणि टक्केवारी काढता येऊ लागली. पन्नाशीचा माणूस सेल म्हणजे काय ते शिकला, आणि नंतर तीन दिवस भेटेल त्याला सांगत सुटला.

या पद्धतीत सुरुवातीचे तीन आठवडे काम हळू होतं. भाऊसाहेबांचा जीव वरखाली होतो. 'त्यापेक्षा मीच करतो' हे वाक्य जिभेवर येतं. ते गिळायचं. भाऊसाहेबांचं खरं शिक्षण त्या गिळण्यातच आहे, कारण उद्या विस्तार अधिकारी झालात तर वीस-तीस गावांचं काम तुम्हाला स्वतःच्या हाताने करता येणार नाही, दुसऱ्याकडून करून घ्यावं लागेल.

तिसरी पायरी : दप्तर, पहिल्या पंधरा दिवसांत

रंगरंगोटीच्या आधी कपाट. सहा गठ्ठ्यांची पद्धत बहुतेकांना ऐकून माहीत असते : प्रलंबित प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. जुने अभिलेख अ, ब, क, ड मध्ये : अ कायमचे, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, ड 1 वर्ष. हे पाठ करून उपयोग नाही, हाताने करावं लागतं. कार्यालयीन सुधारणेची ही परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. अहमदनगरला 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची आणि दप्तराची जी नवी मांडणी केली तिला आजही लोक लखिना पॅटर्न म्हणतात.

करायचं असं. एका रविवारी नव्हे (रविवार घरच्यांचा), तर रोज दुपारी चार ते पाच. कपाटातला एक कप्पा बाहेर काढायचा, वर्गवारी करायची, यादी करायची, यादीची प्रत कप्प्याच्या दाराला आतून चिकटवायची, कप्पा बंद. दुसरा कप्पा उद्या. यादी लिहायचं काम शिपायाला द्या. कोणती फाईल कुठे आहे हे त्याला तसंही सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, फक्त आजवर ते ज्ञान त्याच्या डोक्यात होतं. ड वर्गाचे कागद नष्ट करण्याआधी यादीला रीतसर मंजुरी घ्या. उत्साहाच्या भरात कागद जाळणारी एक ग्रामपंचायत मला माहीत आहे. पुढची तीन वर्षं ते माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तरं देत बसले होते.

नमुने 1 ते 33 सगळे अद्ययावत असणं हे आदर्श झालं. वेळ कमी असेल तर आधी रोकडवही, म्हणजे नमुना 5, बँकेच्या पासबुकाशी जुळवा. ती जुळली की निम्मी तपासणी झाल्यासारखीच. समितीतला लेखा विभागाचा माणूस आल्या आल्या तीच मागतो.

चौथी पायरी : वसुली

इथे जरा थांबतो, कारण कर्मचाऱ्याचा कस इथेच लागतो, आणि बहुतेक गावं इथेच गुण घालवतात.

वसुलीची चर्चा आपल्याकडे 'लोक देत नाहीत' या वाक्याने सुरू होते आणि तिथेच संपते. त्या वाक्याच्या जागी आकडे ठेवा. उदाहरणादाखल धरा की चालू वर्षाची घरपट्टीची मागणी 4 लाख, मागची थकबाकी 2 लाख, एकूण 6 लाख. वसूल झाले 3 लाख 60 हजार, म्हणजे 60 टक्के. आता थकबाकीदारांची यादी रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा (ताईंनी कारकुनाला शिकवलेलं एक्सेल ते हेच). वरच्या वीस नावांकडे मिळून 1 लाख 10 हजार निघाले, तर फक्त ती वीस घरं गाठून तुम्ही 78 टक्क्यांवर जाता. गावात दवंडी पिटून, रिक्षावर भोंगा लावून चारशे घरांना त्रास द्यायची गरज नसते.

त्या वीस नावांत कोण असतं, हे मी सांगायला नको. काही पुण्या-मुंबईला गेलेले, काही भाऊबंदकीत घर अडकलेले, आणि दोन-चार असे की ज्यांच्या दारात जायला कारकून कचरतो. तिन्हींसाठी वाट वेगळी. बाहेरगावच्यांना फोन करा आणि क्यूआर कोड पाठवा, ते बहुतेकदा लगेच भरतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. भाऊबंदकीच्या घरांत हिश्श्याचा वाद तुम्ही सोडवू नका, कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही हे शांतपणे सांगा आणि पावती द्या. उरलेल्या दोन-चारांकडे सरपंच, भाऊसाहेब आणि कारकून तिघांनी मिळून जायचं, एकदाच, सकाळी. तरीही नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 129 आहे : मागणीचं बिल, मग मागणीचा लेख, मग पुढची कारवाई. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून घरपट्टीची थकबाकी ठेवता येते, आणि न्यायालयाचा शिक्का असलेली नोटीस पाहून बरेचजण तारखेच्या आधीच पैसे भरून मोकळे होतात.

गाजराची वाटही आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांच्या काळात कर भरणाऱ्याला दळण फुकट दळून मिळायचं, हे महाराष्ट्रभर माहीत आहे. तुम्ही गिरणी लगेच घालू शकणार नाही. पण कर भरलेल्यांच्या नावांची यादी फलकावर लावणं आजपासून जमतं. थकबाकीदारांची नावं लावण्यापेक्षा ते बरं, निदान भांडणं तरी होत नाहीत.

कारकुनाला या सगळ्यातून मिळतं काय? तो दारात उभं राहून बोलायला शिकतो, आकड्यावरून निर्णय घ्यायला शिकतो आणि कायद्याचं कलम सांगायला शिकतो. समितीसमोर त्याने 'लोक देत नाहीत' ऐवजी 'वरच्या वीसपैकी तेरा आले, चार लोकअदालतीत आहेत, तीन घरं पडकी आहेत, त्यांच्या मागणीबाबत मासिक सभेसमोर विषय ठेवलाय' असं सांगितलं, की मी तरी वही मिटायचो.

पाचवी पायरी : पाणी, आणि अण्णा

टीसीएलचं गणित अवघड नाही. 33 टक्के क्लोरीन असलेल्या चांगल्या पावडरीचं सर्वसाधारण प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम. 50,000 लिटरची टाकी म्हणजे 250 ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, अर्धा तास थांबून मग गावाला पाणी सोडायचं. नंतर टाकीजवळच्या नळाला नव्हे, गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन आहे का ते पाहायची चाचणी. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. नाही झालं, तर डोस कमी पडला, किंवा पावडर उघडी राहून तिची ताकद गेली, किंवा मधे पाइप फुटलाय.

या शेवटच्या वाक्यातली तीन कारणं अण्णांना ओळीने सांगता आली, तर ते जलसुरक्षक. नाही तर ते फक्त वॉल्व्हमन. यासाठी त्यांना एक वही द्या : तारीख, वेळ, किती ग्रॅम, कोणत्या नळाला चाचणी, रंग आला की नाही. लिहिता येत नसेल तर जोडीदाराने लिहायचं, सही अण्णांची. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य विभागाचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते सर्वेक्षण चालू असताना अण्णा सोबत हवेत. हातपंपाचा ओटा फुटलेला का चालत नाही, विहिरीजवळ उकिरडा किती अंतरावर हवा, हे त्यांना आरोग्यसेवकाच्या तोंडून ऐकू द्या.

स्वच्छता, वृक्षलागवड, प्लॅस्टिक यांवर मी लिहीत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि खरं सांगायचं तर झाडांचे फोटो पाहून मला आता कंटाळा येतो. मागच्या वर्षी लावलेलं झाड दाखवा, एवढंच म्हणतो.

सहावी पायरी : मंगळवारची चाळीस मिनिटं

अभियानाच्या काळात आठवड्याला एक बैठक. वार आणि वेळ ठरलेली, कुणी आलं नाही तरी सुरू करायची. अजेंडा एकच : प्रत्येकाने आपल्या मुद्द्याबद्दल तीन वाक्यं बोलायची. मागच्या आठवड्यात काय झालं, काय अडलं, कुणाची मदत हवी. भाऊसाहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. हे अवघड आहे, कारण ग्रामपंचायतीत साहेब आधी बोलतात आणि मग बाकीचे 'बरोबर आहे' म्हणतात, अशीच रीत आहे.

पहिल्या दोन बैठकांत शांतता असेल. तिसऱ्यात कुणीतरी तक्रार करेल, बहुतेक सफाई कर्मचारी, आणि ती हातमोज्यांची किंवा थकलेल्या पगाराची असेल. ती टाळू नका. 'हा विषय अभियानाचा नाही' असं म्हणालात, तर चौथ्या बैठकीपासून कुणी खरं बोलणार नाही. पगार राहिलेल्या माणसाला श्रमदानाचं महत्त्व पटवायला जाऊ नये, एवढी लाज आपण बाळगायला हवी.

बैठकीचं इतिवृत्त दर वेळी वेगळ्या माणसाने लिहायचं. एक पान, जास्त नाही. ज्या शिपायाने आयुष्यात फक्त सह्यांसाठी रजिस्टर फिरवलं, त्याने लिहिलेलं इतिवृत्त मी पाहिलंय. शुद्धलेखन जाऊ द्या, कोण काय म्हणालं ते त्यात जसंच्या तसं होतं, आणि आपल्या ग्रामसभांच्या इतिवृत्तांत नेमकं तेच नसतं.

वेळेबद्दलही बोलतो. रात्री अकराला 'पोर्टल चालू झालंय, या' असा निरोप पाठवायचा नाही. केंद्रचालक ताईंना तर मुळीच नाही. अपलोडची शेवटची तारीख 31 असेल तर आपली 20. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर बसतो, हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी सगळ्यांना नव्याने आश्चर्य वाटतं. फोटो ज्या दिवशी काम झालं त्याच दिवशी, ठिकाण आणि तारखेसह काढून मुद्द्याच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये टाका. महिनाभराने चारशे फोटोंतून गटार क्रमांक सात शोधणं ही शिक्षा आहे.

फाईल बाहेरच्या एजन्सीकडून करून घेऊ नका. पन्नास गावांना तीच फाईल, तेच रंग, तीच वाक्यं, फक्त गावाचं नाव वेगळं. एकदा तर नाव बदलायचंही राहून गेलं होतं. पानं चकचकीत आणि गाव दुसरंच. समितीला ते कळतं, आणि तुमची शिकायची संधी पैसे मोजून दुसऱ्याला दिल्यासारखं होतं.

सातवी पायरी : रंगीत तालीम

तपासणीच्या आठ दिवस आधी शेजारच्या ग्रामपंचायतीचे तिघं बोलवा, चहा-पोहे ठेवा आणि त्यांना समिती व्हायला सांगा. नियम दोन. प्रश्न ज्याचा त्यालाच. आणि दुसरा कुणी उत्तर देऊ लागला, तर त्याने वीस रुपये डब्यात टाकायचे. आमच्याकडे एका गावात भाऊसाहेबांचे एकट्याचे तीनशे चाळीस रुपये झाले होते. त्यातच पुढचा चहा निघाला.

तालमीत 'माहीत नाही' हे उत्तर चालतं, हे आधी सांगा. पण त्यापुढे 'बघून सांगतो' हवं, आणि खरंच उठून रजिस्टर आणता आलं पाहिजे. चुकलेल्या प्रत्येक उत्तराची नोंद करा. तीच तुमच्या उरलेल्या आठ दिवसांची कामाची यादी.

तपासणीच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हार-तुरे कमी, बसायला सावली, रजिस्टरं एका टेबलावर क्रमाने. लेझीम आणि औक्षणात पाऊण तास गेला, तर समिती दप्तर पाहणार कधी? काही गावांना तेच हवं असतं, ते वेगळं.

आठवी पायरी : निकाल लागल्यावर

जिंकलात तर दोन दिवस आनंद करा. हरलात तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून आपली मुद्देनिहाय गुणपत्रिका मागा. भांडण म्हणून नाही. तुमच्या स्वमूल्यांकनाशेजारी ती ठेवा. जिथे पाचपेक्षा जास्त गुणांचा फरक आहे, तिथे एक तर तुम्ही स्वतःला फसवलंत, नाही तर पुरावा दाखवायला कमी पडलात. दोन्ही गोष्टी पुढच्या वर्षी सुधारता येतात.

आता प्रत्येकाचं वैयक्तिक. हे कुणी आठवण करून देत नाही, म्हणून लिहितो.

प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःसाठी एक पान लिहावं : अभियानाआधी मला काय येत नव्हतं, आता काय येतं, आणि त्याचा पुरावा कुठे आहे. 'अभियानात मोलाचे योगदान दिले' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. 'नमुना 8 व 9 यांचा मेळ घेतला, सुटलेल्या 14 मालमत्ता शोधल्या' असं लिहा. प्रशस्तिपत्र मिळालं असेल तर ते घरात फ्रेम करा, पण त्याआधी त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. भाऊसाहेबांनी गोपनीय अहवालातल्या स्वयंमूल्यमापनात हीच वाक्यं वापरावी. आदर्श कर्मचाऱ्याच्या पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवतात, तेव्हा हे पान हातात असलेला माणूस एका संध्याकाळीत प्रस्ताव पूर्ण करतो.

ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड मधल्या 10 टक्के जागा दहा वर्षं सेवा झालेल्या पात्र ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांमधून भरायची तरतूद आहे. त्यासाठी ज्येष्ठता यादीत नाव हवं, पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता हवी आणि सेवेचे कागद चोख हवेत. कित्येकांची नेमणुकीची मासिक सभेची ठराव प्रतच सापडत नाही. तिसऱ्या पायरीला कपाट लावाल, तेव्हा स्वतःच्या नेमणुकीचा ठराव आधी शोधा. एका गावात पंधरा वर्षं काम केलेल्या मामांचा ठराव कॅरम बोर्डाच्या मागे सापडला होता. बारावी अर्धवट असेल तर मुक्त विद्यालयात, पदवी अर्धवट असेल तर मुक्त विद्यापीठात नाव घाला, अभियानाच्या काळात लागलेली लिहिण्या-वाचण्याची सवय तोवर ताजी असते. संगणकाचं एमएस-सीआयटी राहिलं असेल तर तेही आटपा. केंद्र सरकारच्या आयगॉट कर्मयोगी या प्रशिक्षण पोर्टलवर घरबसल्या अभ्यासक्रम आहेत, आणि यशदाच्या (पुण्यातली राज्याची प्रशिक्षण संस्था) किंवा जिल्ह्यातल्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला, की दर वेळी एकाच माणसाला पाठवू नका. ज्याला अभियानात कशाची तरी गोडी लागली, त्याला पाठवा.

उरली बदली. मे महिन्यात भाऊसाहेबांची बदली होते आणि जूनमध्ये मंगळवारची बैठक बंद पडते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं दुःखही होत नाही. म्हणून प्रभार देताना नेहमीच्या यादीसोबत एक जास्तीचा कागद द्या : या कार्यालयात कुणाला काय येतं. अण्णा, टीसीएल आणि ओटी टेस्ट, नोंदवही स्वतःची. ताई, नमुना 8, 9 आणि दाखले. कारकून, थकबाकीची क्रमवारी, कलम 129, थोडं एक्सेल. मामा, अभिलेख यादी, कप्पे एक ते नऊ, इतिवृत्त लिहितात. नव्या साहेबांची त्यावर पोच घ्या, एक प्रत कपाटाच्या दाराला आतून लावा, आणि निघण्यापूर्वी येत्या मंगळवारी पहिलं कोण बोलणार ते ठरवून जा.